गाणं घेताना

मेबेल कार्टर हे नाव आपल्यापैकी फारशा जणींनी ऐकलं नसेल. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या डोंगराळ टोकाला १९०९ मध्ये जन्मलेली ही बाई. तिकडच्या खेड्यापाड्यांतल्या गाण्याला पुढे ‘कंट्री’ संगीत म्हणू लागले, आणि त्या संगीतात गिटार कशी वाजवायची हे ज्या थोड्या लोकांनी घडवलं त्यांत ती अगदी पुढे. तिचं पहिलं रेकॉर्डिंग झालं ब्रिस्टल या गावी, १९२७ च्या ऑगस्टमध्ये. या ब्रिस्टलच्या मुख्य रस्त्याच्या मधोमध राज्याची सीमा जाते. एका बाजूची दुकानं व्हर्जिनियात, समोरची टेनेसीत. बेळगावच्या बाईला हे वाचून हसू येणारच. आपण सीमेवरून किती वर्षं भांडतोय, आणि ते लोक सीमा ओलांडून केस कापायला जातात!

मेबेल तेव्हा अठरा वर्षांची होती आणि पोटात सातव्या-आठव्या महिन्याचं मूल. बरोबर सारा कार्टर. ती मेबेलची नात्यातली बहीण आणि शिवाय थोरली जाऊ, कारण दोघी दोन सख्ख्या भावांना दिलेल्या. आणि साराचा नवरा ए. पी. कार्टर. नवऱ्याची मोटार घेऊन, खराब रस्त्यानं, साराच्या अंगावरच्या तान्ह्या बाळासकट ही मंडळी डोंगर उतरून आली. दोन दिवसांत सहा गाणी. एका गाण्याचे पन्नास डॉलर. साराचा गळा, मेबेलची गिटार, आणि ए. पी. साहेब मनात येईल तेव्हा मधूनच खर्जातला सूर मिसळणार, नाहीतर खिडकीबाहेर बघत राहणार. या तिघांना ‘कार्टर फॅमिली’ म्हणत.

मी गिटार शिकायला लागले ती अठ्ठावन्नाव्या वर्षी. भाचा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याची गिटार आमच्या माळ्यावर आली. जळमटं काढायला खाली घेतली ती वर गेलीच नाही. कॅम्पात एक तरुण मुलगा शिकवतो, रविवारी चर्चमध्ये वाजवतो. तो मला आंटी म्हणतो, मी त्याला सर म्हणते, आणि दोघांनाही त्यात काही विचित्र वाटत नाही. पहिले चार महिने डाव्या हाताच्या बोटांची टोकं इतकी दुखायची की कणीक मळताना डोळ्यांत पाणी यायचं. मग घट्टे पडले. सरांनी सांगितलं, “आंटी, आता मेबेल घेऊया.”

तिची पद्धत ऐकायला सोपी. सगळे लोक बारीक तारांवर गाण्याची चाल वाजवतात आणि जाड तारांवर ठेका धरतात. मेबेलनं ते उलटं केलं. अंगठ्यानं खालच्या सुराच्या जाड तारांवर चाल वाजवायची, आणि त्याच वेळी पहिल्या बोटानं बारीक तारांवरून वर-खाली झाडल्यासारखं फिरवत ठेका द्यायचा. एकच बाई, एकच वाद्य, आणि ऐकणाऱ्याला वाटावं दोघी वाजवतायत. त्याला ‘कार्टर स्क्रॅच’ म्हणतात. सांगायला दोन ओळी लागल्या. हाताला बसायला मला अकरा महिने लागले. अंगठा आणि बोट दोन वेगळ्या घरच्या सुनांसारखे वागतात. एकीला घाई, दुसरी रुसलेली. मग एके दिवशी भाजी फोडणीला टाकून आत आले, गिटार घेतली, आणि दोघी एकत्र चालायला लागल्या. ती पहिली आठ मात्रांची चाल मी त्या संध्याकाळी चाळीस वेळा तरी वाजवली असेल. भाजी करपली, आणि घरात कुणी चकार शब्द काढला नाही. असो.

ते गाणं होतं ‘वाइल्डवुड फ्लॉवर’. अमेरिकेत गिटार शिकणाऱ्या कितीतरी जणांची सुरुवात या गाण्यानं होते. कार्टर मंडळींनी ते १९२८ च्या मे महिन्यात न्यू जर्सीतल्या कॅम्डेनला रेकॉर्ड केलं. एका मुलीला प्रियकर सोडून गेलाय आणि ती केसांत फुलं माळून, हसत-खेळत जगायचं ठरवतेय, असा अर्थ. पण शब्द नीट ऐकले तर काही ठिकाणी अर्थच लागत नाही. एका फुलाचं नाव असं झिजलंय की ते कुठलं फूल हे कुणाला सांगता येत नाही. सरांना विचारलं तर ते म्हणाले, “तसंच म्हणतात, आंटी.” मला राहवेना. शोधलं तेव्हा कळलं, मूळ गाणं १८६० मध्ये छापलेलं आहे. संगीत जोसेफ वेबस्टर नावाच्या माणसाचं, शब्दांवर मॉड आयर्विंग हे बाईचं नाव. सुशिक्षित घरांच्या दिवाणखान्यात पियानोवर म्हणायचं गाणं. ते डोंगरात गेलं, आयांकडून लेकींकडे आलं, आणि अडुसष्ट वर्षांत शब्द तोंडोतोंडी घासून गुळगुळीत झाले. आपल्या जुन्या पाळण्यांतही असे दोन-तीन शब्द असतात की नाही, ज्यांचा अर्थ आजीलाही ठाऊक नव्हता?

इथपर्यंत सगळं गोड आहे. पण कार्टर फॅमिलीच्या रेकॉर्डवर या गाण्याचा कर्ता म्हणून नाव आहे ए. पी. कार्टर. ‘कीप ऑन द सनी साइड’ हे त्यांचं सगळ्यांत प्रसिद्ध गाणं. ते १८९९ मधलं, शब्द एडा ब्लेंकहॉर्न या बाईंचे. त्यांचा एक भाचा अपंग होता, त्याला चाकाच्या खुर्चीतून फिरवताना तो रस्त्याच्या उन्हाच्या बाजूनं न्या असं म्हणायचा, त्यावरून सुचलेलं. आज ते गाणं कार्टरांचं म्हणून ओळखलं जातं, आणि ए. पी. यांच्या कबरीच्या दगडात त्याचीच सोनेरी रेकॉर्ड बसवलेली आहे. एडाबाईंचं नाव किती जणांना माहीत असेल?

हे का झालं ते समजून घेतल्याशिवाय निवाडा करायला मला आवडत नाही. ज्या राल्फ पीअर या गृहस्थांनी त्यांना ब्रिस्टलला बोलावलं, त्यांचं उत्पन्न रेकॉर्ड विकण्यापेक्षा गाण्याच्या प्रकाशन-हक्कांवर जास्त होतं. जुनं, बिनमालकीचं गाणं त्यांच्या काही उपयोगाचं नाही. त्याची नोंद कुणाच्या तरी नावावर झाली, तर प्रत्येक विक्रीवर प्रकाशकाला आणि त्या नावाच्या माणसाला थोडे थोडे पैसे. म्हणजे नोंदवहीत एक रकाना होता आणि तो भरायचा होता. ए. पी. नी तो भरला. नवी गाणी संपली की ते डोंगरात हिंडायचे, घराघरांत बसून म्हाताऱ्यांची गाणी कागदावर उतरवून आणायचे. एकेका वेळी कित्येक दिवस. तेवढे दिवस शेत, गुरं, तीन मुलं कोण सांभाळत होतं? सारा. गाणं गायचं कुणी? सारानं. रकान्यात नाव कुणाचं? पुढे तिनं त्यांना सोडलं, घटस्फोट घेतला, तरी काही वर्षं त्यांच्या शेजारी उभी राहून गात राहिली. मला तर त्या गाण्यांत तिचा आवाज ऐकताना दर वेळी वाटतं की ही बाई स्वतःच्याच घरात पाहुणी आहे.

आणि लेस्ली रिडल. हा कृष्णवर्णीय तरुण टेनेसीतल्या किंग्जपोर्टला राहायचा. सिमेंटच्या कारखान्यातल्या अपघातात एक पाय गेलेला, आणि बंदुकीच्या एका अपघातात उजव्या हाताची दोन बोटं. उरलेल्या बोटांनी तो अशी गिटार वाजवायचा की मेबेल त्याच्या हाताकडे बघत बसायची. ए. पी. त्याला गाणी गोळा करायला बरोबर नेऊ लागले. ए. पी. शब्द लिहून घेणार, रिडल चाल डोक्यात ठेवणार. घरी आल्यावर तो ती सारा आणि मेबेलला वाजवून दाखवणार. त्या काळी रेकॉर्ड कंपन्या गोऱ्यांची आणि काळ्यांची गाणी वेगवेगळ्या यादीत विकायच्या, पण चाल कुठल्या यादीतून आली हे कानाला कळत नाही. ‘द कॅननबॉल’ हे गाणं मेबेल त्याच्याकडूनच शिकली. कर्त्याच्या जागी नाव परत तेच.

इथे माझी गिटार थांबली. म्हणजे हात चालू होता, मन थांबलं.

आपल्या अणुव्रतांत अचौर्य आहे. चोरीची आपली व्याख्या इतरांपेक्षा बारीक आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. कुलूप फोडणं ही तर चोरी आहेच, पण जे दिलेलं नाही ते घेणं, अदत्तादान, ही खरी चोरी. आणि चोरून आणलेली वस्तू स्वस्तात विकत घेणाऱ्याचाही तो अतिचार. मग मी काय करतेय? ज्या गाण्यावर चुकीचं नाव आहे, ते मी बेळगावात बसून बोटं दुखवून शिकतेय. दुसऱ्या बाजूनं, श्रावकाला एक सूट सांगितलेली आहे : पाणी आणि माती न विचारता घेतली तरी दोष नाही. विहिरीचं पाणी, वाटेवरची माती सगळ्यांची. तर मग गाणं हे पाण्यासारखं मानायचं, की कुणाच्या तरी फडताळातल्या वस्तूसारखं?

मी पुष्कळ दिवस पाण्याच्या बाजूनं होते. गाणं घेतल्यानं देणाऱ्याचं कमी होत नाही. रिडलनं चाल शिकवली म्हणून त्याची चाल गेली नाही. ओवी एकीनं म्हटली म्हणून दुसरीची संपत नाही. पण पाणी कुणी राखलं नाही तरी असतं. गाणं तसं नाही. कुणीतरी रोज म्हटलं नाही तर ते मरतं. म्हणून मला ते विरजणासारखं वाटायला लागलं. (आपल्याकडे दह्याच्या मर्यादेचे नियम निराळे, तो विषय इथे नको.) शेजारीण वाटीत चमचाभर विरजण मागायला येते, आपण देतो, परत मागत नाही. आपलंही कधीतरी दुसरीकडूनच आलेलं असतं. पहिलं दही कुणी लावलं हे विचारणं वेडेपणाचं. पण ते आज आपल्या घरी आहे ते काल रात्री आठवणीनं कुणीतरी लावलं म्हणून. आणि उद्या ती शेजारीण आपल्या वाटीवर स्वतःचं नाव घालून म्हणायला लागली की गल्लीत दही लावायचं तर मला विचारा आणि मला पैसे द्या, तर? आपण विरजण दिलं होतं ते दही लावायला. नाव घालायला दिलं नव्हतं. दिलेल्या वस्तूलाही दिल्याची एक मर्यादा असते, आणि तिच्यापलीकडचं घेणं हे अदत्तच.

हा विचार मी नुसता गिटारवर करत बसले असते तर चाललं असतं. पण तो आमच्या भजनी मंडळात येऊन बसला.

आमच्या मंडळात एक अक्का होत्या. सगळ्यांच्याच अक्का. लवकर विधवा झालेल्या, लोकांकडे स्वयंपाक करून मुलीला वाढवलं. लिहिता येत नव्हतं. पण साठ-सत्तर गाणी तोंडपाठ : जिनाचे पाळणे, डोहाळे, दशलक्षणात म्हणायची पदं, काही मराठी, काही कानडी, काही अर्धं हे अर्धं ते. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. मंडळाच्या एका वैनींनी ती गाणी त्यांच्या हयातीत वहीत उतरवून घेतली होती, आणि हे काम केलं नसतं तर आज त्यातलं एकही राहिलं नसतं, हे मी आधी सांगते. आता त्यांची पुस्तिका छापायची ठरली. मला प्रस्तावना लिहायला सांगितलं. मुखपृष्ठाचा नमुना आला, त्यावर ‘रचना व संकलन’ आणि पुढे वैनींचं नाव. अक्कांचा उल्लेख आत, आभारात, चहापाणी दिलेल्यांच्या वर.

मी म्हटलं, वैनी, ‘संकलन’ बरोबर आहे, ‘रचना’ काढूया, आणि अक्कांचं नाव वर घेऊया. त्यावर त्या जे बोलल्या ते मला झटकून टाकता येईना. “अक्कांनी तरी कुठं रचलीत? त्यांनी सासूकडनं घेतली, सासूनं आणि कुणाकडनं तरी. मग नाव कुणाकुणाचं घालायचं? आणि काय गं, अक्कांना नाव हवं होतं का कधी? नावाची हाव म्हणजे मानकषाय. त्या असत्या तर त्याच म्हणाल्या असत्या, माझं नको घालू.”

असं त्या म्हणाल्या असत्याच. अक्का तशाच होत्या. म्हणूनच हे उत्तर अवघड आहे. बाईनं नाव मागू नये, हे आपल्याला धर्म म्हणूनही शिकवलेलं असतं आणि रीत म्हणूनही, आणि दोन्हीतला फरक आपल्याला कुणी शिकवत नाही. मला विचार करून एवढंच सुचलं : त्याग आपल्या वस्तूचा होतो. अक्कांनी आपलं नाव सोडलं असतं तर तो त्यांचा त्याग. त्यांच्या वतीनं मी किंवा वैनी त्यांचं नाव सोडू शकत नाही, जसं शेजारणीच्या दागिन्यांचं दान मला करता येत नाही. आणि मानकषायच टाळायचा तर मुखपृष्ठावर कुणाचंच नाव नको. तिथं दुसऱ्या कुणाचं तरी आहे, म्हणजे जागा नावाची आहेच.

“कुणाकुणाचं घालायचं” याचंही उत्तर आपल्याकडेच आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या. ओवी कुणी रचली हे त्यांना कधीच कळणार नव्हतं. त्यांनी ते शोधलं नाही. ती कुणी गायली, तिचं नाव काय, गाव कुठलं, हे लिहून ठेवलं. म्हणजे विरजण कुठल्या घरून आलं एवढंच. शेवटच्या घराचं नाव सांगता येतं ना, तेवढं सांगावं.

मेबेलनंही शेवटी तेच केलं, हे मला फार मोलाचं वाटतं. कार्टर फॅमिली चाळिशीच्या दशकात फुटली. तिनं आपल्या तीन मुलींना घेऊन नवा ताफा केला, नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ओप्रीपर्यंत पोचली. मधे दिवस असे आले की जुन्या गाण्यांना कुणी विचारेना, तेव्हा ही बाई नॅशव्हिलमध्ये रात्रपाळीनं रोग्यांची शुश्रूषा करत होती. मग साठीच्या दशकात तरुण पोरांना जुन्या गाण्यांचं वेड लागलं, तिला मोठमोठ्या मंचांवर बोलावू लागले, १९७० मध्ये कंट्री संगीताच्या सन्मान-दालनात कार्टर फॅमिली गेली. सगळे तिला ‘मदर मेबेल’ म्हणत. अशा वेळी गप्प राहणं किती सोपं होतं! पण संगीताचे अभ्यासक माइक सीगर यांना तिनं लेस्ली रिडलचं नाव सांगितलं. त्यावरून त्यांनी त्याला न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला शोधून काढलं. त्यानं गिटार केव्हाच सोडून दिली होती. सीगरनी त्याला परत वाजवायला लावलं आणि ते ध्वनिमुद्रित करून ठेवलं.

नाव मिळालं. हक्काचे पैसे मात्र ज्याच्या नावावर नोंद त्याच्याच घरी गेले. म्हणून नाव सांगितलं की फिटलं असं मी म्हणणार नाही. आमच्या पुस्तिकेची किंमत चाळीस रुपये ठरली आहे. अक्कांची मुलगी निपाणीला असते, शिवणकाम करते. विक्रीतला काही भाग तिला द्यावा असं मी बैठकीत मांडलं. खजिनदार काकूंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, आधी छपाईचं बिल भागू दे. विषय पुढच्या बैठकीवर गेला आहे. मी तो पुन्हा काढणार आहे, हे त्यांनाही माहीत आहे.

आणि माझी गिटार? ती चालू आहे. ‘वाइल्डवुड फ्लॉवर’ सोडावंसं मला वाटलं नाही. गाणं सोडल्यानं मॉड आयर्विंगला काय मिळणार? सरांच्या वर्गात दर डिसेंबरात छोटा कार्यक्रम असतो. प्रत्येकानं उठून गाण्याचं नाव सांगायचं आणि वाजवायचं. मी सरांना म्हटलं, मला एक मिनिट जास्त लागेल. ते म्हणाले, “आंटी, लोक गाणं ऐकायला येतात.” मी म्हटलं, “ऐकवते ना.” वेबस्टर, आयर्विंग, सारा, मेबेल, एवढी चार नावं म्हणायला मला घड्याळ लावून अठरा सेकंद लागतात. कॅननबॉल शिकले की रिडलचं.

पुस्तिकेचं म्हणाल तर वैनी ‘रचना’ काढायला तयार झाल्या. खुशीनं नाही, पण तयार झाल्या. आता प्रत्येक गाण्याखाली बारीक अक्षरांत लिहिलंय : अक्कांकडून, अक्कांच्या सासूबाईंकडून, एकाखाली, ‘स्तवनिधीच्या यात्रेत भेटलेल्या एका कागलच्या बाईंकडून’, कारण अक्कांना तिचं एवढंच आठवत होतं. काल वैनींनी मुद्रित तपासून परत पाठवलं. बाविसाव्या गाण्याखाली त्यांनी पेन्सिलीनं लिहिलंय, “चाल सिनेमाची आहे. मग त्यांचं पण नाव घाला की!” बरोबर आहे त्यांचं. सिनेमा मला आठवतोय, संगीतकार कोण ते आता शोधायला बसलेय.